द्राक्षाची साल आणि म्हातारपण

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराला जनुकांचे नियमन म्हणजे काय हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या बागेतली थॉमसन सीडलेसची सगळी झाडे काडीपासून वाढवलेली असतात. खुंट डॉगरिजचा असला तरी वरच्या वेलीच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. तरीही एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवर जे डोळे तयार होतात त्यांतल्या काहींत घड धरतो आणि काहींतून नुसती बाळी निघते. त्या दिवसांत ऊन कमी पडले, आभाळ भरून राहिले, नत्र जास्त झाले की फळधारक डोळे घटतात. ऑक्टोबर छाटणीनंतर हवा बिघडली तर आलेला कोवळा घडसुद्धा मागे फिरतो आणि त्याची बाळी होते. बागायतदार त्याला घड जिरणे म्हणतात. बाळी आणि घड हे मुळात एकाच अवयवाचे दोन अवतार आहेत, हे वनस्पतिशास्त्रात जुनेच ज्ञान. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी त्यामागचा एक धागा पकडला: जिबरेलिन या संप्रेरकाला दाद न देणाऱ्या द्राक्षवेलीवर जिथे बाळ्या यायच्या तिथे घड आले. जनुके बहुतेक सगळी तीच. त्यांतली कुठली केव्हा बोलणार आणि कुठली गप्प बसणार, एवढ्यावरून वर्षाचे उत्पन्न ठरते. म्हातारपणाचे जीवशास्त्र गेल्या चाळीसेक वर्षांत याच प्रश्नाशी येऊन थांबले आहे. जन्मतः मिळालेली जनुके सत्तरीतही जवळपास तशीच असतात. बदलते ती त्यांची शिस्त. ही शिस्त राखणाऱ्या काही एन्झाइमांची, म्हणजे विकरांची, ओळख करून देणे हा या पुस्तकाचा विषय आहे. त्या एन्झाइमांच्या नावावर जे विकले गेले त्याची छाननी करणे हा या प्रस्तावनेचा.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण वाद तिच्याभोवतीच आहे. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. एवढा धागा डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. धागा घट्ट गुंडाळला की त्या भागातली जनुके वाचता येत नाहीत. सैल पडला की वाचता येतात. हिस्टोनच्या शेपटांना ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवला तर गुंडाळी सैलावते, तो काढला तर आवळते. चिकटवणारी आणि काढणारी एन्झाइमे वेगवेगळी. या दोन्ही प्रकारांची जनुक-नियमनाशी असलेली थेट नाळ १९९६ या एकाच वर्षी उघड झाली: चिकटवणाऱ्याची डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेत, काढणाऱ्याची स्टुअर्ट श्रायबर यांच्या. काढणाऱ्या एन्झाइमांत सर्ट्युइन नावाचे एक घराणे आहे. माणसात त्याचे सात सदस्य आहेत. काही केंद्रकात काम करतात, तीन मायटोकॉन्ड्रियात म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात. या घराण्याचे वेगळेपण असे की ॲसिटिल गट काढताना प्रत्येक वेळी त्यांना एनएडी नावाचा रेणू खर्च करावा लागतो, आणि एनएडी हा अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतला मधला दलाल आहे. पेशीत खाणे किती आले, ऊर्जा किती शिल्लक आहे, याची खबर त्यामुळे थेट जनुकांच्या गुंडाळीपर्यंत पोहोचते. सर्ट्युइनबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे. दीर्घायुष्याचा बोलबाला नंतर झाला आणि त्याने हे वाक्य झाकून टाकले.

या घराण्याचा पहिला सदस्य सापडला तेव्हा म्हातारपणाचा विषयही नव्हता. पंजाबात जन्मलेले अमर क्लार १९७९ च्या सुमारास अमेरिकेत यीस्टवर काम करत होते. यीस्टमध्ये नर-मादीसारखे दोन प्रकार असतात. त्यांची जनुके एरवी गप्प का राहतात हा त्यांचा प्रश्न. जे जनुक बिघडले की ही शांतता मोडते ते त्यांना सापडले, आणि पुढे त्याला ‘सर-२’ हे नाव मिळाले. वीस वर्षांनी एमआयटीतले लिओनार्ड ग्वारेन्ते आणि त्यांचे विद्यार्थी त्याच जनुकाकडे वेगळ्या दारातून आले. यीस्टची एक मातृपेशी मरेपर्यंत साधारण वीस-पंचवीस वेळा कळी काढते. तिचे वय या कळ्यांत मोजतात. १९९९ साली मॅट केबरलाइन, मिच मॅकव्हे आणि ग्वारेन्ते यांनी दाखवले की सर-२ ची एक जादा प्रत दिली तर हे आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. पुढच्याच वर्षी शिन-इचिरो इमाई यांच्यासह त्यांनी सिद्ध केले की सर-२ एनएडी वापरून हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढते. उपास, ऊर्जा, जनुकांची शांतता आणि आयुष्य एका सूत्रात ओवले गेल्यासारखे वाटले. उत्साह समजण्यासारखा होता. पण यीस्टची मातृपेशी म्हातारी का होते याचे जे कारण याच प्रयोगशाळेने १९९७ साली दिले होते ते वाचकाने विसरू नये: यीस्टच्या मातृपेशीत रायबोसोमच्या जनुकांची सुटी वर्तुळे साठत जातात आणि तिला मारतात, सर-२ ती वर्तुळे बनू देत नाही. माणूस अशा वर्तुळांनी म्हातारा होतो याला आधार नाही. म्हणजे एन्झाइम तेच असले तरी त्याच्या यशाचे कारण त्या जीवापुरते होते. हा सांधा पहिल्या दिवसापासून कच्चा होता, आणि पुढची सारी इमारत त्याच्यावर उभी राहिली.

इथे गोष्ट नाशिकच्या अंगणात येते. २००३ साली डेव्हिड सिंक्लेअर आणि कॉनराड हॉविट्झ यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले की रेस्व्हेरॅट्रॉल नावाचा रेणू सर्ट-१ या सर्ट्युइन घराण्यातल्या एन्झाइमाला चेतवतो आणि यीस्टचे आयुष्य ७० टक्क्यांपर्यंत वाढवतो. रेस्व्हेरॅट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतो, आणि लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात उतरतो. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, ते वाइनमुळे, असे सर्ज रेनो १९९१-९२ पासून सांगत होतेच. आता त्या समजुतीला रेणू मिळाला आणि रेणूला एन्झाइम. काळ पाहा. सुला ही वाइनरी १९९९ साली उभी राहिली, महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण २००१ साली आणले, विंचूरला वाइन पार्क झाला, पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. नाशिकची वाइन वाढली ती बरोबर याच बातम्यांच्या वर्षांत. २००६ साली उंदरांवरचा निष्कर्ष आला: चरबीयुक्त खाण्याने लठ्ठ झालेले उंदीर रेस्व्हेरॅट्रॉलवर जास्त जगले. २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सिंक्लेअर यांची सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. एवढा पैसा कुणी उगीच ओतेल का, हा सामान्य माणसाचा तर्क. उत्तर असे की ओततात, आणि पुष्कळदा बुडतोही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद महाराष्ट्राने ऐकला. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा हे कारण समजण्यासारखे आहे आणि त्यावर आपापल्या जागी वाद घालता येईल. पण आरोग्याचा आधार घेतला की हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब अवघड नाही. २००६ च्या त्या उंदरांना दर किलो वजनामागे रोज सुमारे २२ मिलिग्रॅम रेस्व्हेरॅट्रॉल दिले होते. साठ किलोच्या माणसाला वजनाच्या सरळ प्रमाणात ते १,३०० मिलिग्रॅमच्या वर जाते. लाल वाइनच्या लिटरमध्ये सरासरी दोन मिलिग्रॅमच्या आसपास रेस्व्हेरॅट्रॉल असते. म्हणजे रोज सहाशे लिटरहून अधिक वाइन. उंदराचा चयापचय वेगवान असतो, म्हणून औषधशास्त्रातली सूट देऊन मात्रा बारापट कमी धरली तरी पन्नास लिटर उरतेच. शिवाय पोटात गेलेल्या रेस्व्हेरॅट्रॉलपैकी बहुतेक भाग आतडे आणि यकृत लगेच दुसऱ्या रूपांत बदलून टाकतात. रक्तात मूळ रेणू नावालाच उरतो. हिशेबावर विश्वास नसेल तर माणसांकडे पाहावे. इटलीच्या कियांती भागात, जिथे वाइन रोजच्या जेवणात असते, ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीतले रेस्व्हेरॅट्रॉलचे अवशेष मोजून नऊ वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २०१४ मध्ये निष्कर्ष छापला गेला: २६८ जण या काळात वारले, आणि रेस्व्हेरॅट्रॉल जास्त घेणारे व कमी घेणारे यांच्या मृत्यूत, हृदयविकारात, कर्करोगात फरक नव्हता. निरोगी उंदरांवरही गोष्ट टिकली नाही. २००८ साली साध्या आहारावरच्या उंदरांच्या रक्तवाहिन्या, हाडे, डोळे थोडे बरे राहिले, पण आयुष्य वाढले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा एक कार्यक्रम एकच पदार्थ तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी तपासतो. तिथे रॅपामायसिन हे औषध २००९ साली उत्तीर्ण झाले, रेस्व्हेरॅट्रॉल नापास. मूळ प्रयोगातही खोट निघाली: सर्ट-१ चेतते हे ज्या चाचणीत दिसले तिच्यातल्या चकाकणाऱ्या रंगकणामुळेच तो परिणाम दिसत होता, असे २००५ पासून निरनिराळ्या गटांनी दाखवले. सिंक्लेअर गटाने २०१३ मध्ये त्याला उत्तर दिले आणि काही नैसर्गिक प्रथिनांबाबत चेतना खरी असल्याचे सांगितले. तो वाद पुरता मिटलेला नाही. पण त्याच वर्षी ग्लॅक्सोने सर्ट्रिसचे केंब्रिजमधले कार्यालय बंद केले. दारूविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याला सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही. वाइनही त्यात आली.

द्राक्षवेल हा रेणू बनवते कशासाठी, हे नाशिकमध्ये तरी विचारले जायला हवे होते. बुरशी लागली, साल फाटली, अतिनील किरण पडले की वेल तो स्वतःच्या बचावासाठी तयार करते. डावणी आणि भुरीशी वर्षभर झुंजणाऱ्या बागायतदाराला हे ऐकून गंमत वाटेल: ज्या रोगाला तो फवारणीने दूर ठेवतो, त्या जातीच्या रोगाला वेलीने दिलेले ते उत्तर आहे. माणसाला दीर्घायुषी करणे हे त्या रेणूचे काम कधीच नव्हते. काहीजण म्हणतील, मग अख्खी द्राक्षे खावीत, निदान बेदाणे. खावीत की! फळ म्हणून ती चांगलीच आहेत. त्यासाठी सर्ट्युइनची साक्ष काढण्याची गरज नाही.

आता गंभीर आक्षेप. रेस्व्हेरॅट्रॉल पडले म्हणजे सर्ट्युइनही पडले, असा निष्कर्ष काही जाणकारांनी काढला, आणि त्यांच्या हाती पुरावा होता. २००१ साली सर-२ च्या भावंडाने सूक्ष्म कृमीचे आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढते असे ग्वारेन्ते यांनी म्हटले होते. २०११ साली लंडनच्या डेव्हिड जेम्स यांच्या गटाने तेच कृमी आणि फळमाश्या पुन्हा तपासल्या. जनुकांची पार्श्वभूमी सारखी करून घेतल्यावर वाढ जवळपास नाहीशी झाली. विज्ञानाने स्वतःचा कान धरण्याचे हे चांगले उदाहरण, पण त्यातून ‘सगळेच खोटे’ एवढा अर्थ काढणे हीदेखील घाईच. सर्ट-६ नसलेले उंदीर जन्मानंतर महिन्याभरातच म्हातारपणाची लक्षणे दाखवून मरतात, हे २००६ पासून माहीत आहे. इस्रायलमधले हाइम कोहेन यांनी २०१२ मध्ये दाखवले की सर्ट-६ जादा असलेले नर उंदीर सुमारे १५ टक्के जास्त जगतात. माद्यांत मात्र फरक नाही. २०१९ साली अठरा जातींच्या कुरतडणाऱ्या प्राण्यांची तुलना झाली, तेव्हा जास्त जगणाऱ्या जातींचे सर्ट-६ तुटलेला डीएनए जास्त चांगला सांधते असे दिसले. तरुण राहण्याची कळ आणि गुणसूत्रांची देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी खरी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थूर-सीताराम आणि सहकाऱ्यांनी सर्ट्युइनचा अभ्यास याच दिशेने केला: पोट भरलेले असताना आणि रिकामे असताना यकृतातली जनुके बाजू कशी बदलतात, त्यात सर्ट-१ ची भूमिका काय. त्याच संस्थेतल्या विदिता वैद्य यांच्यासोबत त्यांनी २०१९ मध्ये दाखवले की सेरोटोनिन मेंदूच्या पेशींत सर्ट-१ मार्फत मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढवते. या कामात चिरतारुण्याची भाषा नाही. म्हणूनच ते टिकाऊ वाटते.

आपल्याकडे आणखी एक युक्तिवाद हटकून येतो: उपास. सर्ट्युइन रिकाम्या पोटी जागतात हे कळताच, ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते’ असे सांगणारे लेख आणि व्याख्याने सुरू झाली. पूर्वजांनी एकादशी धरली ती मोक्षासाठी, एनएडीसाठी नव्हे. आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हणही त्यांचीच आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाण्याचे कूट यांतून पेशीला उपासमारीची खबर जात नाही. पण आक्षेपाचा गाभा खरा आहे, तो टाळता येणार नाही. १९३५ साली क्लाइव्ह मॅके यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांना कमी खायला देऊन त्यांचे आयुष्य वाढवले, आणि तेव्हापासून हा परिणाम अनेक जीवांत पुन्हा पुन्हा दिसला. माकडांवरच्या दोन मोठ्या प्रयोगांत मात्र निकाल जुळले नाहीत. विस्कॉन्सिनच्या प्रयोगात फायदा दिसला, राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात आयुष्य वाढले नाही. विस्कॉन्सिनच्या नेहमीच्या आहारात साखर जास्त होती, हा त्या फरकाचा एक भाग असावा. माणसांवर अमेरिकेत ‘कॅलरी’ नावाचा दोन वर्षांचा प्रयोग झाला. लठ्ठ नसलेल्या लोकांना खाणे २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितले, प्रत्यक्षात ते सुमारे १२ टक्केच घटले. २०२३ मधल्या विश्लेषणात डीएनएवरील खुणांवरून मोजलेला म्हातारपणाचा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला, तोही एका मोजमापावर, बाकीच्यांवर नाही. परिणाम आहे, लहान आहे, आणि मुळात पोट भरलेल्या माणसांवर मोजलेला आहे.

हे शेवटचे विधान महाराष्ट्रात फार महत्त्वाचे ठरते. उपासमार जनुकांची घडी बदलते हे मान्य असेल, तर ती कोणत्या वयात झाली हा प्रश्न उपासापेक्षा मोठा आहे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला. गर्भधारणेच्या वेळेस त्या दुष्काळात सापडलेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मिथिल खुणा साठ वर्षांनीही भावंडांपेक्षा कमी होत्या, हे २००८ साली दिसले. मिथिल खुणा डीएनएवर उमटवणारी एन्झाइमे सर्ट्युइनपेक्षा वेगळ्या कुळातली, पण काम तेच: जनुक बोलू द्यायचे की नाही ते ठरवणे. त्यांना कच्चा माल लागतो तो फोलेट आणि बी-१२ यांच्या साखळीतून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५. बाळे किरकोळ, पण त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण जास्त. निम्म्याहून अधिक मातांत बी-१२ कमी होते. ज्या मातांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांची शरीरे सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होती. कमी खाण्याने आयुष्य वाढते असे सरसकट म्हणणाऱ्याने ही आकडेवारी समोर ठेवावी. गर्भातल्या टंचाईने या मुलांना दीर्घायुष्य दिले नाही; मधुमेहाची वाट जवळ केली.

सध्या बाजारात एनएमएन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या आल्या आहेत. वय वाढते तसे अनेक ऊतींतले एनएडी घटते, ते भरून काढावे, असा त्यांचा तर्क आहे. गोळी घेतली की रक्तातले एनएडी वाढते, एवढे माणसांत दिसले आहे. आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. डीएनएवरच्या खुणांवरून वय सांगणाऱ्या चाचण्याही आता विकायला आहेत. स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ साली ३५३ जागांवरच्या मिथिल खुणा वाचून वयाचा अंदाज बांधला, आणि तो आश्चर्यकारक रीतीने बरोबर येतो. पण घड्याळ वेळ दाखवते. काटे मागे फिरवले म्हणून दिवस मागे जात नाही, एवढे तरी ग्राहकाला ठाऊक असावे.

या सगळ्यातून हाती येते ते असे: सर्ट्युइन आणि त्यांची भावकी ही पेशीच्या ऊर्जेचा आणि जनुकांच्या वाचनाचा मेळ घालणारी यंत्रणा आहे. वय वाढताना हा मेळ बिघडतो आणि तो बिघडण्याची सुरुवात पुष्कळदा जन्माच्याही आधी होते. अशा यंत्रणेला एका रेणूने चालना देऊन तारुण्य मिळेल ही अपेक्षाच चुकीच्या जागी ठेवलेली होती. या अंगाने पाहिले तर नाशिक जिल्ह्याचा या विषयाशी असलेला खरा संबंध वाइनरीत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या बागांत राबायला सुरगाणा, पेठ, हरसूलकडून जी आदिवासी कुटुंबे येतात, त्यांत गरोदर बायका असतात, तान्ही मुले असतात. त्यांच्या ताटात काय पडते, त्यांच्या रक्तात बी-१२ किती आहे, त्यांची मुले चाळिशीत कोणत्या आजारांना सामोरी जातील, हे मोजण्याजोगे प्रश्न आहेत, आणि पुण्याच्या सहा खेड्यांनी ते कसे मोजायचे हे दाखवून ठेवले आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. वाचकांत त्याचे विद्यार्थी आणि अध्यापक असतील. त्यांनी हे पुस्तक मिटल्यावर सुरगाण्यात तसा एक दीर्घ अभ्यास सुरू करण्याचा विचार करावा, ही विनंती.